खेळपट्टी राखणाऱ्यांना कोण राखतो?



२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. खरीपपूर्व बैठकीसाठी मी एका गावी मुक्कामाला होतो. जेवणे उरकल्यावर सगळी मंडळी देवळासमोरच्या दूरचित्रवाणी संचापुढे जमली. तारीख २९. अहमदाबादला चेन्नई आणि गुजरात यांच्यात आय.पी.एल.चा अंतिम सामना चालू होता. आदल्या दिवशी पावसाने सामना होऊ दिला नव्हता. त्या रात्रीही दुसरा डाव सुरू होतो न होतो तोच सरी कोसळल्या. खेळाडू आत गेले आणि पन्नासेक माणसे ताडपत्र्या ओढत मैदानात धावली. पाऊस थांबला, तशी तीच माणसे गुडघ्यांवर बसून स्पंज जमिनीवर दाबू लागली आणि टिपलेले पाणी बादल्यांत पिळू लागली.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. ते म्हणाले, "साहेब, ही माणसं तर आपल्यासारखीच दिसत्यात की! यांना किती मिळत आसंल?"

मला उत्तर देता आले नाही. मध्यरात्रीनंतर खेळ पुन्हा सुरू झाला आणि दीड वाजून गेल्यावर संपला. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजाने षटकार आणि चौकार मारला, देवळासमोर आरोळ्या उठल्या. म्हातारबाबांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. त्याला कारणही होते. तशाच एका मुलाशी माझा जवळून संबंध आला होता आणि त्यात माझीही एक चूक होती. ती आज तुम्हाला सांगणार आहे. पण आधी ही माणसे काय काम करतात ते पाहू.

पाऊण गुंठ्याहून लहान रान

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्ड लांब, म्हणजे वीस मीटरहून किंचित जास्त, आणि तीन मीटर रुंद असते. हिशेब केलात तर पाऊण गुंठासुद्धा भरत नाही. भोवतीचे मैदान मात्र चारेक एकरांचे. एवढ्याशा तुकड्यावर जेवढी मशागत होते, तेवढी आपण उसालाही करत नाही.

खेळपट्टीला चिकणमाती लागते. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर काळी माती आहे, तर मुंबईचे वानखेडे मैदान लाल मातीसाठी ओळखले जाते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. या मातीवर गवत वाढवतात. ते कोणते, ठाऊक आहे? आपली हरळी! जी काढता काढता तुमच्या दोन पिढ्या वाकल्या, तीच. शेतात ती वैरीण, पण मैदानात लक्ष्मी. तिच्या मुळ्या माती घट्ट धरून ठेवतात आणि खालचा ओलावा ओढून घेतात, त्यामुळे खेळपट्टी वरपासून खालपर्यंत सारखी वाळते.

मग पाणी द्यायचे आणि वाफसा आला की रोलर फिरवायचा. ओली असताना फिरवला तर माती रोलरला चिकटते, फार वाळल्यावर फिरवला तर दाब खाली पोचत नाही. वाफसा ओळखणे हे यंत्राचे काम नाही, ते हाताचे आणि डोळ्याचे काम आहे. सामना सुरू झाल्यावर डावाच्या आधी किंवा सकाळी फार तर सात मिनिटे रोलर फिरवता येतो, असा नियमच आहे. म्हणजे जे काही करायचे ते आधीच करून ठेवावे लागते. भर उन्हात, पहाटे आणि रात्री.

हे काम करणाऱ्याला मुंबईच्या मैदानांवर 'माळी' म्हणतात. आझाद मैदान, शिवाजी पार्क अशा ठिकाणी कितीतरी माळी वर्षानुवर्षे क्लबच्या तंबूतच राहत आले. तिथेच चूल आणि तिथेच अंथरूण. मोठ्या मैदानावर खेळपट्टीचा जो प्रमुख असतो, त्याला क्युरेटर म्हणतात. पण त्याच्या हाताखालची माणसे बहुतेक खेड्यांतून आलेली, घरी एकर-दोन एकर कोरडवाहू असलेली.

माझी चूक

असाच एक मुलगा माझ्या सज्जातल्या गावचा. बारावीनंतर शेतीत भागेना म्हणून जिल्ह्याच्या गावी एका खासगी क्रिकेट मैदानावर कामाला लागला. मुकादमामार्फत, रोजंदारीवर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या मैदानाच्या चालकांनी मला बोलावले. गवत पिवळे पडून जागोजागी मरत होते. मी गवताला हात घातला, तर गोधडी उचलावी तसा थरच्या थर हातात आला. खाली हुमणीच्या अळ्या! मुळ्याच खाऊन टाकलेल्या. मी औषधाचे नाव लिहून दिले, प्रमाण लिहून दिले, फवारल्यावर पाणी कसे द्यायचे ते सांगितले. चहा घेतला आणि परत निघालो.

एक गोष्ट मी विचारली नाही. फवारणार कोण आणि त्याच्या हातात मोजे आहेत का?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज कापत होता. "साहेब, पोरगं सिव्हिलमंदी हाय. डागदर इचारत्यात कोणचं औषध व्हतं म्हून. हितं कुणालाच ठावं न्हाई. तुमीच लिहून दिलं व्हतं म्हनं."

मी औषधाचे नाव सांगितले. पाय मात्र लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात सगळे कळले. पाठीवरचा पंप गळका होता. पोराने बाह्या दुमडलेल्या, हात उघडे, तोंडाला काही नाही. दुपारपर्यंत अंगरखा औषधाने भिजला. घाम सुटला, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत्यांनी त्याला रोलरच्या पत्र्याच्या शेडमध्ये निजवले आणि दूध पाजले. मुकादम म्हणाला, "ऊन लागलं असेल, पडू द्या." दोन तास असेच गेले. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला इस्पितळात पोचवले. पोरगा चार दिवसांनी घरी आला, ही देवाची कृपा. मुकादमाने त्या चार दिवसांची मजुरी कापली.

तुम्हाला २०१७ साल आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर गावोगाव सभा घेऊन मोजे, तोंडपट्टी आणि वाऱ्याची दिशा यांवर बोलणाऱ्यांत मीही होतो. शेतात बोलायची ती सवय मैदानावर मी विसरलो. वाटले, हे शिकले-सवरलेले, पैशाचे ठिकाण, इथे सगळी सोय असेलच. जिथे पैसा दिसतो तिथे माणसाची काळजीही घेतली जात असेल, असा आपला समज असतो. तो खोटा आहे.

बक्षीस वेगळे, हक्क वेगळा

मैदानावरच्या माणसांकडे कोणाचेच लक्ष नाही असे मी म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी कोलंबोत आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. मोहम्मद सिराजने २१ धावांत ६ गडी बाद केले आणि लंकेचा डाव ५० धावांत आटोपला. सामनावीराचे ५,००० डॉलर त्याने तिथल्या मैदान-कामगारांना देऊन टाकले. त्या स्पर्धेत पावसाने फार छळले होते. म्हणून आशियाई क्रिकेट परिषद आणि श्रीलंकेचे क्रिकेट मंडळ यांनी कोलंबो व कँडीच्या मैदान-कामगारांना ५०,००० डॉलर जाहीर केले.

आपल्याकडे २०२२ ची आय.पी.एल. बव्हंशी मुंबई-पुण्यात झाली, तेव्हा सहा मैदानांच्या कामगारांसाठी १ कोटी २५ लाख रुपये जाहीर झाले. २०२४ मध्ये दहा नियमित मैदानांना प्रत्येकी २५ लाख आणि जादाच्या तीन मैदानांना प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर झाले. चांगलेच झाले. ज्याने दिले त्याचे भले होवो.

पण बक्षीस म्हणजे वळवाचा पाऊस. आला तर आला. संसार वळवाच्या पावसावर चालत नाही, त्याला विहीर लागते. दरमहा वेळेवर पगार, आजारपणात औषधपाणी, म्हातारपणासाठी फंड ही ती विहीर. आणि बक्षिसे मोठ्या मैदानांना मिळतात. जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी शाळा, क्लब आणि अकादम्यांची जी मैदाने आहेत, तिथल्या माळ्याकडे कॅमेरा वळत नाही.

हक्काबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ई.एस.आय., आपल्याला लागू नाही, आपण तर खेळाचा प्रसार करतो, असे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ते म्हणणे मानले नाही आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला, की तिकिटे विकून आणि सेवा देऊन पैसा मिळवणारे हे मंडळ या कायद्यापुरते 'दुकान' आहे, म्हणून विमा लागू. एवढ्या मोठ्या मंडळाला जो कायदा सुटला नाही, तो गावच्या अकादमीला कसा सुटेल?

या विम्यात कामगाराच्या मजुरीतून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम जाते. त्यातून कामगाराला आणि घरच्यांना औषधोपचार मिळतो. पुरेसे हप्ते भरलेले असले, की आजारी रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. माणूस मुकादमाचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

त्या मुलासाठी आम्ही हाच धागा धरला. माळी, पहारेकरी, शिकवणारे आणि कचेरीतले मिळून मैदानावर दहाहून जास्त माणसे होती. मुलाने चौदा महिने काम केले होते, पण त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटात नव्हते, फक्त मुकादमाच्या डायरीत होते. चार महिने हेलपाटे घातल्यावर विम्याचे कार्ड निघाले. मागचे चौदा महिने मात्र पाण्यात गेले. सोबतच्या दोघा पोरांनी भीतीपोटी नाव दिलेच नाही. त्यांना मी दोष देत नाही.

बोल कोणाला?

पैशापलीकडेही एक गोष्ट असते, ती मानाची. खेळपट्टी चांगली निघाली तर फलंदाजाचे कौतुक होते आणि बिघडली तर माळ्याच्या नावाने खडे फोडतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली. भारत ३३३ धावांनी हरला आणि खेळपट्टीला निकृष्ट असा शेरा मिळाला. आता सांगा, कोठेही गवत किती ठेवायचे, पाणी कधी तोडायचे, हे काय रोलर ओढणारा ठरवतो? वरून हुकूम येतात, कधी एकमेकांविरुद्ध येतात. पण चिखल उडतो तो खाली वाकलेल्याच्या अंगावर. कचेरीत काय, साखर कारखान्यात काय आणि घरात काय, ही रीत सगळीकडे सारखीच.

जुलै २०२५ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतीय संघाचे प्रशिक्षक गौतम गंभीर आणि तिथल्या मैदानाचे प्रमुख ली फोर्टिस यांच्यात जाहीर खटका उडाला. कारण काय, तर खेळपट्टीपासून किती अंतरावर उभे राहायचे! बरोबर कोण, हा वाद बाजूला ठेवू. मला त्यात दुसरेच दिसले. मैदान राखणारा माणूस पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला 'मागे व्हा' असे सांगू शकतो. आपल्याकडच्या किती माळ्यांना हे बोलण्याची मुभा आहे? इंग्लंडात या लोकांची संघटना १९३४ पासून आहे. ज्याला धंदा म्हणून मान असतो, त्याला बोलायला तोंड असते.

दुष्काळातही हाच माणूस अडकित्त्यात सापडतो. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला रेल्वेने पाणी येत होते आणि तिन्ही मैदानांना मिळून साठ लाख लिटर पाणी लागणार, असा आकडा न्यायालयात आला होता. ३० एप्रिलनंतरचे आय.पी.एल. सामने राज्याबाहेर हलवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. निर्णय योग्यच होता. पण सामने गेले की रोजंदारीवरच्या माणसाचे रोजही जातात. घरी पाण्याचा टँकर आणि इथे कामाला खाडा. त्याच्या या दुहेरी दुष्काळाची नोंद कुठल्या पंचनाम्यात होते?

मुलामुलींनी या कामाला जावे का?

जावे. मी नको म्हणणार नाही. मातीचे ज्ञान ज्याच्या हातात आहे, त्याला इथे वाव आहे. क्रिकेट मंडळ क्युरेटरसाठी शिक्षण आणि परीक्षा घेते. कर्नाटकातल्या हारोबेले या खेड्यातून आलेल्या जसिंता कल्याण बंगळूरच्या क्रिकेट संघटनेत स्वागतकक्षात कामाला लागल्या आणि पुढे मैदानाच्या कामात शिरल्या. २०२४ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगच्या बंगळूरमधल्या खेळपट्ट्या त्यांच्या देखरेखीखाली झाल्या. देशातल्या पहिल्या महिला क्युरेटर म्हणून त्यांचे नाव झाले. शेतीची पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे.

पण पाठवण्याआधी पुढील गोष्टी विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

१. नाव कोणाच्या हजेरीपटावर राहणार, मालकाच्या की मुकादमाच्या? पगार बँकेत जमा होणार का?

२. विम्याचे कार्ड आणि, वीस किंवा अधिक माणसे असतील तर, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळणार का? पहिल्याच महिन्यात मागावा.

३. रात्रीच्या सामन्यानंतर झोपायची सोय काय? दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची सवलत आहे का?

४. उन्हाळ्यात भर दुपारचे काम टाळता येते का? सावली आणि पिण्याचे पाणी हाताशी आहे का? तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. घाम फार गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावे.

५. फवारणीसाठी मोजे, तोंडपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि न गळणारा पंप आहे का? डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. चक्कर किंवा उलटी आली तर दूध पाजत बसू नये. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

शेवटी आपल्या बांधावर

तो मुलगा आता दुसऱ्या मैदानावर आहे. नोकरी धरताना त्याने हेच प्रश्न विचारले. मालक आधी चिडला, मग हसला आणि कामावर घेतले.

परवाच्या दिवाळीनंतर त्याचे वडील तालुक्याला भेटले. मी पोराची खुशाली विचारली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग सांगू लागले. पोरगा सुट्टीला घरी आला होता. कपाशीवर फवारणी चालू होती. गडी पंप पाठीवर घेऊन तासांतून चालला होता, हात उघडे, तोंड उघडे. पोराने बांधावरूनच हाक मारली, "आबा, त्याचे मोजे कुठायत?"

"साहेब," ते म्हणाले, "मला काय बोलावं सुचंना. माझं पोरगं मरता मरता वाचलं तवा मी मुकादमाला शिव्या घातल्या. आन् त्यो गडी माझ्याच रानात तसाच फवारत व्हता. त्याबी कुणाचं तरी पोरगंच की वो."

त्याच दिवशी त्यांनी तालुक्याहून मोज्यांचे दोन जोड आणले. एक गड्याला, एक स्वतःला.

बंधू-भगिनींनो, मी चहा पिऊन परत निघालो तेव्हा जो प्रश्न विचारायचा राहिला, तो आता मी दर भेटीत विचारतो. तुम्हालाही विचारतो आहे. तुमच्या गड्याची, खुरपायला येणाऱ्या बाईची आणि उसाच्या फडातल्या जोडप्याची सावली कुठे आहे? पाणी कुठे आहे? मोजे कुठे आहेत? उद्या सकाळी रानात जाल, तेव्हा आधी एवढे पाहा आणि मगच पंपाला हात लावू द्या.